घर नाय का रे तुला?

वैशाखरे,
मे २००७

प्रिय प्रणित,

तुझा मोबाइल बंद आहे, आणि दुकानातल्या फोनवरून हे बोलायचं म्हणजे सबंध वैशाखऱ्याला सांगण्यासारखं आहे. म्हणून पत्र. धसईच्या हळदीतून तू जो पळालास तो थेट शहापूरला जाऊन थांबलास, असं रघू डीजेकडून कळलं. तुझी एक चप्पल त्याच्याकडे आहे. तू पळाल्यावर तिथे काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून तर लपून बसला आहेस. पण ते असंच सांगून टाकलं तर मजा नाही. पहिल्यापासून सांगते.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलास तो अर्थशास्त्राच्या नोट्स मागायला. मुरबाडच्या कॉलेजात आपण एका वर्गात होतो हे खरं, पण त्या तासाला तुला कधी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. आई पडवीत तांदूळ पाखडत होती. तू नोट्स बाजूला ठेवल्यास आणि आवाज रेकॉर्ड करायला मोबाइल तिच्या सुपाजवळ धरलास. आईला आधी वाटलं, पोरगा काहीतरी विकायला आलाय. बराच वेळ तिने सोसलं, मग सूप थांबलं. “काय रे, सकाळपासून हितंच बसलास. घर नाय का रे तुला?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तू काय म्हणालास? “काकू, परत एकदा म्हणाल का?” आईने ते परत म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.

मग शहापुरात त्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून तू पहिली बीट केलीस. सुपाची सळसळ, खाली ढोलकी आणि मधेच आमची आई. गॅदरिंगला टोपी उलटी घालून तू त्यावर रॅप केलंस, डोळखांबकडच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसांचं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी कर्ण्यातून आई विचारायची, घर नाय का रे तुला? एकही टाळी पडली नाही. मागची पोरं शिट्ट्या घेऊन आली होती, त्यांनी त्या खिशात टाकल्या. माझ्या डोळ्यांत धूळ गेली असं मी तुला सांगितलं. हॉलमध्ये कसली आलीय धूळ!

म्हणून तर पुढच्या हिवाळ्यात तू त्याचं लग्नाचं गाणं केलंस तेव्हा मी तुझ्याशी भांडले. तीच बीट, तीच आई, फक्त लय वाढवलेली, आणि शब्द काय, तर नवरी बघायला रोज चकरा मारणारा नवरदेव! सगळा तालुका त्यावर नाचत होता. एसटी स्टँडवर मी तुला म्हटलं, रडवणाऱ्या गाण्यावर माणसं नाचवतोस, लाज नाही वाटत? तू म्हणालास, “अगो, जगात सगळे रॅपवाले असंच करतात. बीट माझीच आहे. मी माझ्याच घरातलं सामान हलवतोय.” सामान आमच्या पडवीतलं होतं, पण ते मी बोलले नाही.

निवडणुकीत तर कहर केलास. सावळारामशेठ घरकुलं वाटणार होते, त्यांना तीच बीट दिलीस. त्यांच्याविरुद्ध उभा असलेला चांगो तुझ्याकडे आला, त्याला “तसंच, पण जोरात” हवं होतं. त्यालाही दिलीस. बाजाराच्या दिवशी धसईत दोघांच्या जीप समोरासमोर आल्या आणि दोन्हींतून आमची आई एका तालात ओरडायला लागली. भाजीवाल्या बायका माना डोलवत होत्या. कार्यकर्ते भांडायचं सोडून थोडा वेळ नाचले, मग भानावर येऊन तुला शोधायला निघाले. तू तांदळाच्या पोत्यांमागे. दोघेही पडले, ज्याला गाणंच नव्हतं तो निवडून आला.

एवढं होऊनही आईच्या काही लक्षात आलं नव्हतं. लांबून ऐकलेला आपलाच आवाज कुणाला ओळखू येतो? पण धसईला माझ्या मामेभावाच्या, साईनाथच्या, हळदीत ती हळदीची वाटी घेऊन नेमकी स्पीकरसमोर उभी राहिली. “गो मनाली, ही बाई माझ्यासारखी वरडते.” मग टेम्पोवर रघूच्या शेजारी तू दिसलास. “ह्योच तो! सुपावाला!” तू उडी मारलीस.

आता ऐक. आई टेम्पोवर चढली. रघूने घाबरून मशीन बंद केलं. तिने माइक हिसकावून घेतला, “माझा आवाज कुनाला इचारून घेतला?” आणि मांडवात एकदम ओरडा झाला, कारण सगळ्यांनी आवाज ओळखला. बायका म्हणायला लागल्या, “सुंदराताय, परत म्हना!” आईने पदर सारखा केला आणि म्हटलं, “घर नाय का रे तुला?” रघूने हळूच बीट सोडली. मग तिने मनाचंच पुढे लावलं, “जेवलास ना? मग जा की!” काय सांगू तुला! स्वतःच्या लग्नात न नाचलेले आमचे बाबा टॉवेल फिरवत होते. साईनाथच्या अंगावरची हळद वाळली तेव्हा कुठे आईला खाली उतरवलं.

 दोन दिवसांनी घरी भाकऱ्या करताना तिने विचारलं, “वरडायला त्याला दुसरी बाई नाय भेटली?” मी म्हटलं, त्याने कधी शोधलीच नाही, सगळीकडे तुझाच आवाज लावतो. “दोन वरसं?” मी हो म्हटलं. तिने भाकरी उलटली. “नि तुझ्यामागं किती वरसं?”  मी म्हटलं, तेवढीच.

प्रणित, या रविवारी बदलापूरचा एक मुलगा मला बघायला येणार होता. आईने काल बाबांना निरोप पाठवायला लावला, येऊ नका म्हणून. बाबा म्हणाले, शहापूरच्या त्या लोकांशी आपली सोयरीक आजवर झाली नाय. आई म्हणाली, “एका वरडन्यावर दोन वरसं काढली त्यानं. एका बायकोवर जन्म काढील.” बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि विचारलं, मटण किती आणायचं. तेव्हा रविवारी आईवडिलांना घेऊन ये. उलटी टोपी नको. आई शेजारी बसून विचारते आहे, एवढं काय लिवतेस? मी म्हटलं, बोलावणं. तू माइकवर सगळ्या तालुक्याशी बोललास, पण मला एक गोष्ट कधी विचारली नाहीस. म्हणून न विचारताच सांगते. हो.

तुझीच (आईच्या देखत लिहिते आहे),
मनाली