पावणीसाठी स्थळ

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

परत तेच. घोडा कुठला!

सकाळी भाकऱ्या थापत होते तेव्हापासून दोघा भावांचं सुरू. हे म्हणतात ओतूरचा, दादाभाऊ भावजी म्हणतात मंचरचा. मी म्हणते, तव्यावरची भाकरी करपतेय, जरा सरका. कुणी सरकलं नाही.

सगळं आमच्या घोडीवरून, पावणीवरून. तिच्या पोटचं एक शिंगरू हवंय, आणि तेही मादीच. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा सुटला की पुढं घोडी पळावी लागते, बैल तिच्यामागं जीव तोडून येतात. पावणी कितीतरी वर्षं पळाली. हे तिच्यावर बसायचे. आता यांचा गुडघा गेला आणि तिचं वय झालं. "तिच्या जागी तिच्याच पोटची पायजे," असं यांचं म्हणणं. म्हणायला काय जातंय!

अठरा वर्षांची घोडी आहे ती. मला कुणी विचारत नाही म्हणून इथं लिहिते — मला शिंगरू नको. मला घोडी हवी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सुनील येऊन गेला. जनावरांचा डॉक्टर, वयानं माझ्यापेक्षा बराच लहान, ताई म्हणतो. यांनीच फोन करून बोलावलं होतं, पावणीला तपासायला.

हात धुता धुता मला हळूच म्हणाला, "ताई, पिशवी थकलीय हिची. गाभ लागला तर लागंल. पण मागच्या येळचं ध्यानात हाय ना?"

ध्यानात नसायला काय झालं! दोन वर्षांपूर्वी शिंगरू मेलेलं निघालं. मी आणि सुनीलनं ओढून काढलं. हे दोघं जत्रेत होते. त्यानंतर कितीतरी दिवस पावणी गोठ्याच्या त्या कोपऱ्याकडं मान करून उभी राहायची. पुढ्यात हिरवा घास टाकला तरी तोंड लावायची नाही. मी अंगणवाडीतून आले की आधी तिच्याजवळ जाऊन बसायचे, मग चहा.

यांनी डॉक्टरला एवढंच विचारलं, "माजावर कवा येईल?"

रविवार, १६ फेब्रुवारी

कांदा काढणी. पाठ राहिली नाही. लिहीत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. जुन्नरकडं जाणारी सगळी वाहनं भगवी. अंगणवाडीतल्या पोरांना फेटे बांधता बांधता दुपार झाली.

घरी आले तर भावजी मंचरच्या घोड्याचे फोटो दाखवतायत. बॅंडवाल्या अमृतचा घोडा, नवरदेव बसतात तो. पांढराशुभ्र, कपाळावर गोंडा, गळ्यात घुंगरं. "वहिनी, आपले बैल पांढऱ्या घोडीमागंच पळत्यात. पावणी पांढरी म्हणून तर पळाले. काळी-तांबडी म्होरं आली तर बैल बघत बसतील!" गाडा भावजींचा, बैल भावजींचे. त्यामुळे बैलांच्या मनातलं त्यांनाच कळतं.

हे म्हणाले, "वरातीत नाचणारं घोडं! उद्या घाटात त्याचं पिल्लू पळंल का तिथंच थांबून नाचंल? का म्होरं बॅंड लावायचा?"

मला हसू आलं. भावजी रागावून ताटावरून उठले. मग त्यांचं ताट मीच झाकून ठेवलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज सासूबाईंनीही त्यांचं स्थळ सुचवलं! त्यांचा भाऊ बिरदेव अजून मेंढरं घेऊन फिरतो, बिऱ्हाड वाहायला तट्टू आहे त्याच्याकडं. "माज्या भावाचं तट्टू बगा. ल्हान हाय पण काटक हाय. घोडीला जड न्हाई जायचं."

एवढ्या दिवसांत घोडीला काय जड जाईल याचा विचार करणाऱ्या एकट्या सासूबाई. दोघं लेक फिदीफिदी हसले. "रेसच्या घोडीला तट्टू!" म्हणाले. म्हातारी मांडीवरची कातायची लोकर झटकत उठून गेली.

मुलगी दाखवायची असती तरी इतकी चिकित्सा झाली नसती. मला बघायला आले तेव्हा यांच्या घरच्यांनी फक्त स्वयंपाक येतो का विचारलं होतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

यांच्याबरोबर ओतूरला गेले. "तू चल, तुजी नजर चांगली हाय," म्हणाले. नजर चांगली म्हणजे परत येताना भाजी मी निवडून घेणार, हे खरं कारण.

फार्महाऊसवर तांबडा घोडा. पुण्याच्या कुणा मालकाचा, रेसकोर्सवरून निवृत्त झालेला. उंच, छातीनं भरलेला, डोळ्यात मस्ती. राखणदार म्हणाला, "जवळ जाऊ नका ताई, चावतो." हे लांबूनच बघत राहिले. मला पहिल्यांदा बघायला आले होते तेव्हाही इतके टक लावून बघत नव्हते!

"रक्ताला रक्त मिळालं पायजे," येताना गाडीत म्हणाले. "पावणी रेसची, ह्यो बी रेसचा."

पावणी रेसची खरी. माझा भाऊ गोरखदादा रेसकोर्सवर मोतद्दार होता, घोडे सांभाळायचा. ती पळेनाशी झाली तशी तिथं नकोशी झाली. दादानं माझ्यासाठी इथं आणून सोडली — बहिणीला भेट! सासूबाई दारात म्हणाल्या, "ही कोन पावणी आली?" तेच नाव पडलं. तिचं कागदावरचं लांबलचक इंग्रजी नाव घेतलं तर ती कानसुद्धा हलवत नाही.

म्हणजे घोडी माझ्या माहेरची. मी हे गाडीत बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून माहेर काढतेस!

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. भीमाशंकरच्या गर्दीनं रस्ता तुंबला. वऱ्याचे तांदूळ, रताळी. पावणीलाही रताळं दिलं. आज ती शेपूट सारखी बाजूला घेतेय. माजावर येणार.

कुणाला सांगितलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मी सांगितलं नाही म्हणून काय — यांना दिसलंच.

शनिवार, १ मार्च

ओतूरच्या घोड्याला दाखवून आणली. पिकअपमधून उतरताना तिचे पाय थरथरत होते. मी गूळ धरला, तिनं हुंगला आणि सोडून दिला. हे खूश. सगळ्यांना फोन. "काम झालं, राव!"

भावजी जेवले नाहीत.

रविवार, २ मार्च

दिवसभर भांडण. रचलेल्या कांद्याच्या आरणीपाशी, गोठ्यात, ओसरीवर. भावजी म्हणतात गाडा माझा, बैल माझे, आणि घोडा तुझ्या मनाचा का? हे म्हणतात तुला काय कळतंय. भावजी म्हणतात वेगळं होऊ. सासूबाई तोंडाला पदर लावून बसलेल्या.

मी सकाळपासून कांदा भरत होते. हातांना वास, डोळे लाल, वर यांचा चहा तिसऱ्यांदा. ओरडलेच — "होऊ दे एकदाचं दोघांच्याही मनासारखं! आणि मला झोपू द्या!"

दोघंही गप्प झाले. मला बरं वाटलं. आता वाटतंय, जरा जास्तच पटकन गप्प झाले भावजी.

सोमवार, ३ मार्च

अंगणवाडीतून आले तर पावणी जागेवर नाही. सासूबाई म्हणाल्या, "दादाभाऊ घिऊन गेलाय, मंचरला. नाल बसवायला."

संध्याकाळी आणली. नाल जुनेच. आणि शेपटी कापडानं गच्च गुंडाळलेली! नाल बसवायला शेपटी कोण बांधतं? परवा ओतूरला घोड्याला दाखवताना बांधली होती, तशीच.

भावजींकडं बघितलं. ते खाली बघत कापड सोडू लागले. "तुमीच म्हनला ना वहिनी. दोघांच्या मनासारखं."

माझेच शब्द. मी थकून बोलले आणि त्यांनी ते खरं करून आणलं. एका माजात दोन घोडे, तीन दिवसांत दोन प्रवास, त्या म्हाताऱ्या जिवाला! खूप राग आला. त्यांचा आला, माझा जास्त आला. यांना सांगितलं नाही. सांगितलं तर घर फुटेल.

पावणीला कोमट पाण्यानं पुसून काढलं. ती उभ्या उभ्या झोपली.

रविवार, ९ मार्च

काही नाही. उन्हं वाढलीत. हे दोघं एकमेकांशी गोड बोलतायत, दोघांनाही वाटतंय आपण जिंकलो.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. कुणीतरी पावणीच्या पाठीवर गुलाबी हात उमटवलाय. धुतला तरी जात नाही. बरी दिसते पण.

रविवार, १६ मार्च

सुनील सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आला. सगळे गोठ्यात. त्यानं छोट्या पडद्यावर बोट ठेवलं — काळा गोल ठिपका. मग दुसरीकडं आणखी एक.

"दोन हायत," म्हणाला.

केवढा आनंद! सासूबाईंनी तिथंच हात जोडले. "जुळं! बिरोबा पावला!" आमच्या घरात जुळं म्हणजे बरकत. मेंढीला जुळं झालं की तिच्या कपाळाला भंडारा लावतात. सासूबाई धावत भंडारा घेऊन आल्या आणि पावणीला लावला. हे गूळ वाटत सुटले. भावजींनी रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांना हाक मारून सांगितलं. मीही हसत होते. खोटं कशाला लिहू, मलाही क्षणभर बरं वाटलं.

सुनील हसत नव्हता.

"तानूआजी, ही मेंढी न्हाई," तो सासूबाईंना म्हणाला. "घोडीच्या पोटात दोन मावत न्हाईत. वाढली तर दोन्ही मरत्यात, आन् हिचं वय बगता हीबी वाचंल का सांगता येत न्हाई. एक आत्ताच चिमटून काढावं लागंल. परवापतुर. त्याच्याफुडं दोन्ही एका जागी आली, तर मला काय करता यायचं न्हाई."

सासूबाईंच्या हातातला भंडारा तसाच राहिला.

मग सुनील सहज म्हणाला, चेष्टेनंच, "दोन घोड्यांना दाखवली काय?" भावजींचा चेहरा उतरला. यांनी तो बघितला. झालं!

सोमवार, १७ मार्च

कालपासून चूल पेटतेय ती फक्त चहापुरती. हे भावजींशी धड बोलत नाहीत, माझ्याशीही नाहीत. "तुला म्हाईत व्हतं!" म्हणाले. होतं. काय करू?

सासूबाई म्हणतात, देवानं दिलेलं जुळं मोडायचं नाही, पाप लागतं. कशीबशी त्यांची समजूत घातली. म्हटलं, आत्या, घोडी मेली तर ते पाप कुणाचं? त्या रडल्या. मग "एक ठिवा" म्हणाल्या.

आता एक ठेवायचं, तर कुठलं? पुन्हा तेच, घोडा कुठला! सुनीलनं सांगितलं की दोन घोड्यांची दोन असू शकतील, किंवा दोन्ही एकाचीच, पडद्यावर काही कळत नाही. एक डावीकडं आहे, एक उजवीकडं, एवढंच कळतं. तरी हे म्हणतात, "मोठं दिसतंय ते डावं, ते ओतूरचं. पयलं दाखवलं म्हंजी पयलं वाढनार." भावजी म्हणतात, "डावंच पांढऱ्याचं कशावरून न्हाई?" चिमूटभर ठिपक्यावरून! चहाचे कप पुढ्यात ठेवून मी बाहेर आले.

दुपारी सुनीलला फोन केला. विचारलं, एक काढल्यावर दुसरं राहिलं, वाढलं, तर बाळंतपणात हिचं काय? खरं सांग म्हटलं. तो म्हणाला, "ताई, घोडी माजी असती तर म्या दाखवलीच नसती."

संध्याकाळी तिच्याजवळ बसले. पाठीवरचा गुलाबी हात अजून तसाच. तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली, अख्खी जड मान. मलाही उठवेना. इतकी वर्षं या घरात सगळ्यांच्या मनासारखं करत आले. कंटाळा आलाय. रडूही येत नाही, नुसता कंटाळा.

मंगळवार, १८ मार्च

सुनीलनं गोठ्याचं दार लावून घेतलं. गर्दी नको म्हणाला, ताई एकट्या धरतील. बाहेर दोघं भाऊ, डावं का उजवं तेच चाललेलं.

हात आत घातल्यावर त्यानं मला विचारलं, "काय ठरलं? कंचं काढू?"

मी पावणीचं तोंड घट्ट धरलं आणि हळूच म्हणाले — दोन्ही.