खाडीचा दक्षिण काठ

१२ जानेवारी २०२५, खुटबाव

कॉलेजात माझ्या वर्गात असलेल्या विश्वजीतचं पुस्तक आलं. अंदमानवरचं. आमच्या शाळेतल्या पृथ्वीराज सरांनी शिरूरहून आणलं, काल स्टाफरूममध्ये कौतुकानं फिरवलं. मी मधलंच पान उघडलं आणि माझीच वाक्यं वाचायला लागले.

ही बेटं म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे माथे — माझं. अंडी घालायला आलेली कासवीण वाळू उपसताना कशी धापा टाकते — माझं. जुन्या माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग, खाली नुसते शिंपले, वरच्या थरात डुकराची हाडं आणि खापरं, म्हणजे डुकरं मागून आली — तेही माझं. अकरा महिने त्या खाडीत मी चिखल तुडवला. हा तीन आठवडे होता. जाताना माझ्या वह्यांचे फोटो काढून नेले. "दोघांच्या नावानं छापू, हर्षदा."

आभाराच्या पानावरसुद्धा मी नाही.

१३ जानेवारी

नववीला नकाशा काढून देताना खडू दोनदा मोडला. त्याला सोडणार नाही.

१७ जानेवारी

त्याला फोन केला. शांत बोलला, पोराला समजावतात तसा. फील्डवरच्या नोंदी काय, सगळ्यांच्याच असतात म्हणे. आणि तुझं कुठं काही छापलंय का?

मी फोन ठेवला. भांडून काय होणार? त्याला चारचौघांत पाडायचं.

१९ जानेवारी

सापडलं! पान ८८. सगळ्यात मोठा ढीग त्यानं खाडीच्या उत्तर काठावर दाखवलाय. माझ्या वहीत तसंच होतं — तापात लिहिलं, दिशा उलटी पडली. महिन्यानं खोडून 'दक्षिण' केलं. तोवर हा फोटो घेऊन पुण्यात पोचला होता. त्या ढिगापर्यंत तो कधी गेलाच नाही. मगरींना भ्यायचा.

२ फेब्रुवारीला शिरूरला त्याचा सत्कार आहे. तोवर तोंड बंद.

२४ जानेवारी

त्याच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी, केडगावच्या बाजारात आप्पांना गाठलं. माझा फोन घरी कळलेला दिसतो. चार माणसांत म्हणाले, "ज्योतिबा, लेकीला आवरा. मेंढरामागं फिरणाऱ्यांच्या घरात बेट कुणाला ठावं होतं? आमच्या विश्वजीतनं दाखवलं."

आप्पा राम राम घालून आले. चहा तसाच निवला. मग म्हणाले, "तू जा शिरूरला. म्या बी येतो."

आता हे नुसतं माझं राहिलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

झालं.

हॉल भरलेला. बापूसाहेब पहिल्या रांगेत, फेट्यात. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उठले. मोठा ढीग कुठल्या काठाला, एवढंच विचारलं.

"उत्तर काठाला," विश्वजीत म्हणाला. "मी स्वतः मोजलाय."

मी वही घेऊन स्टेजवर गेले. तापातलं पान, खोडलेलं पान, ढिगावर उभी असतानाचा माझा तारखेसकट फोटो — मागं मावळता सूर्य, फोटोच्या उजव्या बाजूला खाडी, भरतीची रेघ, म्हणजे काठ दक्षिणच. अध्यक्ष भूगोलाचेच प्राध्यापक. त्यांनी पुस्तकातला नकाशा शेजारी धरून बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी विश्वजीतला विचारलं, ही चूक तुमच्याकडं आली कुठून?

तो पाणी प्यायला.

बापूसाहेब उठून बाहेर गेले. दारात आप्पा उभे होते. आप्पांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली, हात जोडून. तेवढं बघायला मी शंभर कोस चालले असते.

५ फेब्रुवारी

प्रकाशकानं पुस्तक मागं घेतलं. विश्वजीतचे नऊ फोन. एकही उचलला नाही. पृथ्वीराज सरांनी टाकलेला व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवतायत. मी रोज बघते. तो पाणी पितो तिथं थांबवते. वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

९ फेब्रुवारी

अंदमानातून, मायाबंदरहून फोन. तिकडच्या आमच्या होडीवाल्याची, सिल्वानुसची मुलगी. व्हिडिओ तिनंही पाहिला. वडील मागच्या वर्षी गेले म्हणाली. त्या ढिगापर्यंत मला पहिल्यांदा त्यांनीच नेलं होतं. मी काय बघतेय, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

भांडली नाही. एवढंच विचारलं — "दीदी, आपकी कॉपी में पापा का नाम तो होगा ना?"

चारही वह्या चाळल्या. नाही.