सरकार पडेपर्यंत दाढी नाही

ता. ४ मार्च

चि. धाकटीस, दादाचे पोटभर आशीर्वाद.

खुशाली कळली. दाजींची दाढी छातीवर रुळतेय हेही कळलं. बरं झालं, मफलर वाचला! निवडणुकीनंतर माझ्याच खुर्चीतून ताडकन उठून गर्जले होते, हे सरकार पडेपर्यंत गालाला वस्तरा लागणार नाही. मी त्या सरकारला मत दिलं, एवढाच माझा गुन्हा. तेव्हापासून दुकानाची पायरी चढले नाहीत. महागाई उतरल्याचं सरकार रोज रेडिओवर सांगतं. आमचा साबणवाला मात्र बातम्या ऐकत नसावा.

आता खरं सांगतो. हात थरथरायला लागलाय. महिनाअखेर दुकान बंद करतोय. वस्तरा शिकलो तो दाजींच्या गालावर, तुझं लग्नही ठरलं नव्हतं तेव्हा. शेवटचा गालही त्यांचाच असावा असं फार वाटतं. पण हाताचं त्यांना सांगू नकोस. मला कीव नको, गाल हवाय.

लोभ असू दे; दाढीइतका वाढला तरी चालेल.

तुझा दादा

ता. १२ मार्च

ती. दादास, धाकटीचा वाकून नमस्कार.

इकडे नवलच झालं. यांचा पक्षच सरकारात जाऊन बसला! आदल्या दिवशीपर्यंत ज्यांना चोर म्हणत होते, त्यांच्या मांडीला मांडी लावून शपथ घेतली. हे तेव्हापासून आरशासमोर. सरकार पडावं तर आपलेच आपटणार, टिकावं तर दाढी टिकणार. मी म्हटलं, तुमच्या पुढाऱ्यांनी एवढ्या शपथा मोडल्या, तुम्ही एक मोडा. तर म्हणे, पुढाऱ्यांचं सोड, मी शब्दाचा माणूस आहे. सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ!

दादा, रागावू नकोस, मला राहवलं नाही. तुझ्या हाताचं सांगून टाकलं. यांचा चहा तसाच निवला. आज सकाळी बसला गेलेत. पिशवीत टॉवेल दिसला.

माया आहेच, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच धाकटी

ता. १४ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस ते बरंच केलंस. दाजी आले, स्वतःचाच टॉवेल गळ्याला गुंडाळून खुर्चीत बसले. हात थरथरला तशी हनुवटी स्वतःच घट्ट धरून बसले. डावा गाल झाला. उजव्याला फेस लावतोय तोच रेडिओवर बातमी, यांच्या पक्षानं पाठिंबा काढला, सरकार पडलं! दाजींचे डोळे हे एवढे झाले. पण वस्तरा गालावर असेपर्यंत राजकारण बंद, हा दुकानाचा जुना नियम. बिचारे हूं की चूं न करता बसून राहिले.

तोंड पुसल्याबरोबर मात्र छाती काढून म्हणाले, शपथ मी मोडली नाही हं, सरकारच वेळेवर पडलं. घरी येऊन तुलाही तेच ऐकवतील. तू मान डोलव. उजवा गाल खुशाल सरकारच्या नावावर जाऊ दे.

पण धाकटे, डावा त्याआधीच झाला होता. तो माझा.

असाच जीव लावत राहा.

तुझा दादा