करड्या कव्हरांतली पिवळी दोरी

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाच्याचा नमस्कार. (डोकं नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ टेकवलं आहे असं समजावं. कारण पुढे येईलच.)

तुमचा खोकला कमी झाला का? मामीचा गुडघा काय म्हणतो? पट्टा बांधून चालते, की पट्टा खुंटीवर आणि ती स्वयंपाकघरात? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. मुलगी अभ्यास करते, असं तीच सांगते. शिलाईचं दुकान बरं चाललं आहे. तुमची भाचेसून माझ्याशी सध्या कामापुरतंच बोलते, पण त्याची काळजी करू नये, त्याचाही संबंध पुढे लागणार आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही "बोल रे बाळा" म्हणालात की माझ्या तोंडून "सगळं झकास" आपोआप निघतं, आणि तसं ते मागच्या दोन्ही फोनवर निघालं. ते रद्द समजावं. तुम्ही जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलीत, म्हणून आणखी एक विनंती: हे पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवू नये. यातल्या चुका शाईने दुरुस्त होण्यातल्या नाहीत.

तर, गाडी घेतली. तुमचं सांगणं अगदी साधं होतं. स्वस्त असावी, दिसायला कशीही चालेल, पण मध्येच बंद पडणारी नको, कारण मामीला रस्त्यात उतरून उभं राहता येत नाही. पडल्यापासून तिला बसची पायरी चढवत नाही, दवाखाना सोडला तर ती कुठे गेलेली नाही, आणि नदीपलीकडच्या बहिणीला एकदा डोळे भरून बघायचं एवढंच तिच्या मनात आहे, हे मला ठाऊक होतं. हे काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत, कारण मला नजर आहे असा आपल्या घराण्यात समज आहे. (हा समज कोणी पसरवला याचा शोध घेतला तर धागा माझ्यापर्यंतच येईल.) पडदे असोत, सोफे असोत, लोक मला सोबत नेतात. धाकट्या मावशीचा जावई मीच पसंत केला होता, त्याच्या कोटाची बाही बघून. तो चांगला निघाला ही त्याची कृपा. तुम्ही बजावलं होतं, गाड्या दुरुस्त करणारा कोणीतरी बरोबर ने. मी हो म्हटलं आणि नेला नाही. मला वाटलं, ज्याला कापड कळतं त्याला सगळं कळतं. माणूस आतून कसा आहे ते तो अस्तर कसलं लावतो यावरून ओळखावं, असं मी गिऱ्हाइकांना नेहमी ऐकवतो आणि तीही बिचारी कपडे न्यायला आलेली असल्यामुळे मान डोलावतात.

जुन्या गाड्या विकणाऱ्याचं आवार मोठं आहे. पत्र्याच्या शेडखाली गाड्या ओळीने उभ्या, सगळ्यांची तोंडं पुसलेली. विकणारा बोलायला इतका गोड की त्याच्याशी पाच मिनिटं बोललं तर चहात साखर घालायला नको. त्याने मला तीन गाड्या दाखवल्या. पहिलीची काच बघितली, दुसरीचा रंग बघितला, तिसरीचं दार उघडलं आणि मामा, मी जागच्या जागी थांबलो. आत करड्या रंगाची कव्हरं होती. साधी, पण काय शिवली होती म्हणून सांगू! कडेला आत दोरी भरलेली एकसारखी पायपिंग, कोपऱ्यावर कुठे चुणी नाही, टाके तांदळाच्या दाण्यांसारखे नेमके, आणि मधला भाग असा भरलेला की हात ठेवला तर काढू नये. मी आत डोकं घालून शिवण बोटांनी चाचपत राहिलो. विकणारा इंजिनाचं झाकण उघडून उभा होता, मी त्याला ते लावून टाका म्हणालो. मनात हिशोब पक्का झाला होता: जो माणूस बसायच्या जागेसाठी इतका चोख कारागीर शोधतो तो इंजिनाची हेळसांड करेल का? हा कारागीर आपल्या तोडीचा आहे, असंही मनात आलं. (हे वाक्य लक्षात ठेवावं. पुढे याच वाक्यावर मला मान खाली घालायची आहे.)

मग त्याने गाडी चालवून दाखवली. तो चालवत होता, मी शेजारी बसून मागे वळून मागच्या सीटची शिवण बघत होतो. वाटेत काहीतरी खडखडलं तेव्हा तो म्हणाला, रस्ता खराब आहे. रस्ता नुकताच केलेला होता, हे मला घरी आल्यावर आठवलं. सौदा तिथल्या तिथे झाला. तुम्ही विश्वासाने पाठवलेले पैसे मी त्याच्या हातात दिले आणि घासाघीस करायची तर कव्हरं काढून घेऊ नका म्हणून केली. तो म्हणाला, तुमच्यासाठी कव्हरं राहू देतो. मी त्याचे आभार मानले.

आता गाडीविषयी. ती चालते, नाही असं नाही. सकाळी सुरू व्हायला तिला मनधरणी लागते. डावीकडे वळली की भोंगा वाजतो, त्यामुळे आमच्या गल्लीत शिरताना मी आलो हे सगळ्यांना कळतं. चालकाशेजारचं दार आतून उघडत नाही, बाहेरून कोणीतरी उघडावं लागतं, म्हणजे त्या जागी बसणाऱ्याला कोणाशी तरी चांगले संबंध ठेवणं भाग आहे. पायाखालचा रबरी गालिचा मी कौतुकाने उचलला तर खाली रस्ता दिसला. पुलाच्या चढावर ती थांबते, मागच्या गाड्या ओरडतात, मग थोडी मागे जाऊन, दम खाऊन पुन्हा चढते. हे मी स्वतःशी रोज "सवय नाही अजून तिला" असं म्हणून झाकत होतो आणि तुम्हाला झकास सांगत होतो. त्याच पुलावरून मामीला बहिणीकडे जायचं आहे, हे मला माहीत होतं आणि तरीही सांगत होतो.

सोमवारी तुमच्या भाचेसुनेला घेऊन बाजारात निघालो. पहिल्याच खड्ड्याला ती किंचाळली. सीटमधून काहीतरी टोचलं म्हणाली. मी म्हटलं, इतक्या सुंदर कव्हराखाली टोचण्यासारखं काय असणार, तुझीच पिन असेल. दुसऱ्या खड्ड्याला ती नुसती माझ्याकडे बघत बसली. घरी आल्यावर (बाहेरून दार उघडून मी तिला उतरवून घेतलं) कात्री आणली आणि कव्हराची कड उसवायला बसलो. उसवताना जिवावर येत होतं, इतकी ती शिवण चांगली होती. आत सीट म्हणून काही नव्हतंच. गंजक्या तारा, फाटका फोम, आणि वरून नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, जाड थर देऊन ते सगळं दाबून टाकलेलं. आणि पायपिंगमधून निघाली दोरी. पिवळी, नायलॉनची, एका टोकाला अजून कपड्यांचा लाकडी चिमटा चावून झिजलेली जागा असलेली. ती हिने हातात घेतली. मामा, ती आमच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी होती.

ही दोरी गेल्या वर्षी नाहीशी झाली तेव्हा केवढं रामायण झालं ते तुम्हाला मामीने सांगितलं असेल. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ती नेली असा आमच्या घरात ठराव झाला होता, आणि त्याला पहिलं अनुमोदन माझं होतं. तेव्हापासून या दोघी जिन्यात समोरासमोर आल्या तर एकमेकींच्या चपला बघतात. आणि ती दोरी मी नेली होती. एक माणूस सीट कव्हरांच्या कापडाचे गठ्ठे आणि कागदी साचे घेऊन आला होता, कोणासाठी ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. घाई होती. पायपिंगची दोरी संपली, दुकानं बंद, मी गॅलरीतून ती सोडून आणली, पुरवून पुरवून भरली, आणि दुसऱ्या दिवशी नवी आणून बांधू म्हणता म्हणता साफ विसरलो. हिने आरडाओरडा केला तेव्हा मीच वर बोट दाखवलं. ज्याला मी माझ्या तोडीचा कारागीर म्हणत होतो, तो मीच! तुम्ही म्हणाल स्वतःची शिवण ओळखू येत नाही? टेबलावरचं कापड सीटवर चढलं की वेगळंच दिसतं हे खरं, पण खरं कारण ते नाही. मी ओळखलं नाही, कारण दुसऱ्याचं म्हणूनच ते मला इतकं आवडलं. आपलं म्हटलं असतं तर निदान चार चुका काढल्या असत्या.

इथवर हसण्यासारखं आहे, हसावं. पण त्या माणसाने तेव्हा मला सांगितलेलं आता पुन्हा पुन्हा कानात वाजतं. मध्ये जाड भरा, तो म्हणाला होता, खालचं काही लागायला नको. खालचं म्हणजे काय हे माझ्यासारख्या नजर असलेल्या माणसाने विचारायला नको होतं का? मी उलट एक थर जास्त दिला आणि माझी पाठ थोपटून घेतली. मी शिवत नव्हतो मामा, झाकत होतो, आणि झाकण्यात कसूर ठेवली नाही. त्या गठ्ठ्यात एकाच गाडीचं कापड नव्हतं. मला लाज वाटते. दुकानात बसलो की समोर टांगलेल्या कपड्यांकडे बघवत नाही.

परवा त्या विकणाऱ्याकडे जाऊन आलो. गाडी परत घ्या म्हणालो. तो हसून म्हणाला, "साहेब, बघून घेतलीत ना? तुम्ही तर किती बारकाईने बघत होतात!" आणि वर म्हणाला, "कव्हरं बघूनच लोक पटकन हो म्हणतात." कव्हरं माझी आहेत हे त्याला माहीत नाही आणि मी सांगितलंही नाही. गाडी माझ्या दारात उभी आहे. तुम्ही येत्या रविवारी ती न्यायला येणार, मामीने बहिणीला कळवून टाकलं, गाडीत बसायला छोटी उशी शिवून ठेव असं मापासकट मला सांगितलं, हे सगळं मला ठाऊक आहे. या गाडीत मी मामीला बसवणार नाही. रविवारी मीच भाड्याची चांगली गाडी घेऊन येतो आणि दोघांना बहिणीकडे पोचवतो. तुम्ही मला गाडीत काय बोलायचं ते बोला, फक्त मामीसमोर जरा हळू.

कळावे, लोभ असावा असं लिहायची हिंमत होत नाही, तरी असावा.

तुमचा,
नजर असलेला भाचा

ता.क. मुख्य काम राहिलंच. तुम्ही पाणी खात्याला लिहिलेल्या पत्राने आठवड्यात नळ सुरू झाला होता. तसं एक खरमरीत पत्र या गाडी विकणाऱ्याला आणि त्याची एक प्रत ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीला लिहून द्यावं. भोंगा, दार, तळाचं भोक, पूल, सगळं घालावं. फक्त कव्हरांचा उल्लेख टाळावा. गाव लहान आहे आणि माझं दुकान त्याहून लहान आहे.

ता.क. २. पत्र तुमच्या भाचेसुनेने वाचलं. "कव्हरांचा उल्लेख टाळावा" यावर बोट ठेवून ती उठली आणि ती पिवळी दोरी घेऊन वर गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात वरच्या बाईंनी दिलेला लिंबाच्या लोणच्याचा वाडगा होता. मला म्हणाली, त्यांनी दार उघडल्याबरोबर मी सांगून टाकलं, तुम्हाला एवढी पानं लागली. लोणचं मला वाढलं नाही.

ता.क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात गेल्या वर्षीचाच तो माणूस नवे गठ्ठे घेऊन दुकानात आला. कापड या वेळी निळं आहे. म्हणाला, गाड्यांच्या आवाराचे मालक तुमच्या कामावर खूश आहेत, या वेळी मध्ये आणखी जाड भरा, एक शाळेची बाई दोन लहान मुलांसाठी गाडी घेते आहे. मामा, मी टेप गळ्यातून काढून साच्यावर ठेवलाही होता. मग उचलला. गठ्ठे त्याच्या डोक्यावर परत चढवून दिले आणि मालकाला निरोप दिला की शिंपी येऊन गाडी घेणाऱ्या बाईंना भेटणार आहे. तेव्हा वरचं पहिलं ता.क. खोडलं असं समजावं. तक्रारीत कव्हरांचं लिहा. कोणी शिवली, ते दुकानाच्या पत्त्यासकट लिहा. आणि इथे मात्र लाल शाई वापरली तरी चालेल.

मामीला सांगा, उशी तयार आहे. कडेला पायपिंग आहे, आणि दोरी विकत आणलेली आहे.