आईच्या वॉर्डातल्या झडपा

मंगळवार, संध्याकाळ. घाटकोपर.

आज आईला पालिकेच्या जुन्या प्रसूतिगृहात नेलं. तिथे ती आया होती. आता त्याच इमारतीच्या दुरुस्तीत वीज कशी वाचवायची, हे ठरवणं माझं काम. वॉर्डातलं फॉल्स सीलिंग काल उतरवलं, तर वर लाकडी झडपांची रांग निघाली, रंगाने चिकटलेली. शाळा सुटल्यावर मी याच वॉर्डात बसायचे. मग या झडपा मला कशा आठवल्या नाहीत? नकाशात मी सरळ एसी दाखवले होते.

आई म्हणाली, "अगं, या उघडल्या की भर दुपारी बाळंतिणी चादर मागायच्या."

"आई, तेव्हा समोर टॉवर नव्हता."

"उघडून तर बघ ना!"

मिस्त्रीने शिडी लावून झडपा उघडल्या. वारा आला. चादर मागण्याइतका नाही, पण आला. आई डोळे मिटून उभी राहिली. मी वॉर्डातले एसी खोडून पंखे लिहिले. साहेबांना पटवावं लागेल.

परतताना रिक्षात आई म्हणाली, "रिटायर झाल्यापासून आज पहिल्यांदा कुणी मला कामाचं विचारलं."

मी कुठे विचारलं होतं? मी तर तिला नुसतं फिरवून आणायला नेलं होतं. पण तसं बोलले नाही.