बॉडीत मोटर नाही

९ मार्च, रविवार
तळेगावचं लग्न उरकलं. नवरीचे बरेच फोटो हलले. फ्लॅशची बोंब असणार.
संध्याकाळी दादा स्टुडिओवर. चुलतभाऊ असला तरी घरात थोरला तोच. त्याचा शर्यतीचा बैल पाखऱ्या यंदा कवठ्याच्या शर्यतीच्या घाटात शेवटचा पळणार, मग दावणीला. दादाला एकच फोटो पाहिजे, बैल पळताना चारी पाय हवेत. "इतकी वर्सं लोकांच्या बैलांचं काढलंस, आपल्याचा कवा?" हो म्हणून बसलो. पण माझी झूम तिथवर पोचत नाही. तीनशे एमएमची फिक्स लेन्स पाहिजे. नवी घेणं आपलं काम नाही.

११ मार्च, मंगळवार
फोटोग्राफरांच्या ग्रुपवर जाहिरात सापडली. दौंडचे एकजण, सगळे मामाच म्हणतात, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर, पक्ष्यांचे फोटो काढतात. तीनशेची प्राईम, म्हणजे फिक्सच, जुनी पण जपलेली. फोन केला तेव्हा मी विहिरीवर, लाईटची वाट बघत. मामांनी विचारलं, "मोटर आहे ना?" म्हणलं, "हाय की, पाचची." "मग काही प्रश्न नाही," म्हणाले. शेतीची चौकशी करणारा विकणारा पहिल्यांदा भेटला. माणूस चांगला वाटतोय.

१५ मार्च, शनिवार
लेन्स आणली! जाताना पाटसचा फाटा हुकला, पार कुरकुंभवरून उलटा आलो. पाट्या वाचायला लावतात की कावळ्यांना बसायला, देव जाणे. काच स्वच्छ, बुरशी नाही. मामांच्या कॅमेऱ्यावर लावून बघितली, कर्रकन फोकस बसला. माझा कॅमेरा नेला नव्हता. कंपनी तीच, लेन्स बसायची खाच तीच, न बसायला काय झालं?
सु.ला सांगितलं नाही. बायकोला लेन्स म्हणजे सवत वाटते.

१६ मार्च, रविवार
बसली. खट् करून बसली. पण फोकस होईना. बटण दाबतोय, दाबतोय, ढिम्म. लेन्सच्या मागच्या पितळी पिना पुसल्या, काढली, लावली. तेच. फसवलं मामानं. एवढं गोड बोलत होता तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

१७ मार्च, सोमवार
फोन लावला, तावातावानं बोललो. मामा शांत. "अहो, या जुन्या लेन्सला स्वतःची मोटर नसते. कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर तिला फिरवते. तुमच्या बॉडीत नाही ती. म्हणून तर विचारलं होतं, मोटर आहे ना!"
"आवो मामा, ती विहिरीवरची!"
"पाचची म्हणालात, मला वाटलं मॉडेल सांगताय."
मामा हसायला लागले, मलाही हसू फुटलं. पण फोन ठेवल्यावर डोक्याला हात लावून बसलो. कॅमेऱ्याच्या पोटात मोटर असते हे आमच्या न्हावऱ्यात कुणाला ठावं? मामा म्हणाले, हातानं रिंग फिरवा, जुने लोक तसेच काढायचे.

२० मार्च, गुरुवार
हातानं फिरवून बघतोय. बांधावरची बाभळ धुरकट, शेळी धुरकट, सु. वाळत घालत होती ती गोधडी धुरकट. एक फोटो धड नाही. लेन्सच गंडलीय आतून. परत देणार.

२३ मार्च, रविवार
दौंड. मामांना म्हणलं, काच खराब हाय. त्यांनी वाद घातला नाही. माझाच कॅमेरा, तीच लेन्स, हातानं रिंग फिरवली, शेजारच्या टाकीवरचा कावळा टिपला. कावळ्याच्या चोचीतली काडी दिसत होती. स्क्रीन मोठी करून दाखवली त्यांनी.
मग म्हणाले, "फोकस जमला की डोळा लावता तिथं आत, खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटतो. तो पेटला की दाबा."
डोळा लावला. "कुठला ठिपका, मामा?"
"पेटलाय की."
नाही दिसला. तिथलं बारकं चाक असतं चष्म्याच्या नंबरचं, तेही फिरवलं. नुसता धूर. सहज डावा डोळा लावला. ठिपका. हिरवागार.
परत उजवा. काही नाही.
"लेन्स ठेवून जायची तर जा," मामा म्हणाले, "पण डोळा दाखवा." लेन्स घेऊनच आलो. का ते माझं मला माहीत नाही.

२४ मार्च, सोमवार
नाचता येईना अंगण वाकडं. तळेगावची नवरी, पाटसची पाटी, सगळं आज उलगडतंय. इतके दिवस ऑटोफोकस माझ्या वतीनं बघत होता, तो चुकला तरी मला कळत नव्हतं, आणि मी रुबाबात फिरत होतो.
भीती वाटते. खरंच वाटते. मोतीबिंदू असेल, साखर असेल, नाहीतर आणखी काही. दवाखान्यात गेलो तर आजाराचं नाव कळेल, म्हणून जात नाही. फोटोग्राफरचा डोळा गेला हे एका लग्नघरात कळलं की सगळीकडं कळतं. सु.ला कोणत्या तोंडानं सांगू...

२ एप्रिल, बुधवार
मामांचा सल्ला: बैलाच्या मागं लागू नका. घाटातला एक दगड धरा, त्यावर फोकस लावून ठेवा, बैल येईल तिथं. न्हावऱ्याच्या फाट्यावर येणाऱ्या यष्टीवर सराव चालू आहे. डाव्या डोळ्यानं. नाक मधे येतं, बोट चुकतं. आज एका यष्टीचा नंबर वाचता आला. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "काय पावणं, फाईन लावताय का?"

१२ एप्रिल, शनिवार
घाट. धूळ, भंडारा, कानठळ्या. दगड धरून बसलो होतो. दादाची बारी आली, बैल सुटले. पाखऱ्या दगडापाशी आला आणि मी दाबलं. पुढचं कळलं नाही, लोक अंगावरून पळाले.
दादा धापा टाकत आला. "आलं का चारी पाय?"
स्क्रीन मला उन्हात दिसेना. म्हणलं, "तूच बघ."
त्यानं कॅमेरा लांब धरला, जवळ धरला. "मला तरी कुठं दिसतंय चष्म्याबिगर!" आणि हसला. मी हसलो नाही.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी फोटो कॉम्प्युटरवर टाकायला बसलो, तर सु. मागं उभी. "काल घाटात डाव्या डोळ्याला कॅमेरा लावला हुता तुम्ही."
"तू कुठं हुतीस?"
"बायकांत, वरच्या अंगाला. लग्न झाल्यापास्नं उजवाच बघितलाय मी." मग हळू म्हणाली, "कवापासनं?"
सगळं सांगितलं. ठिपका, पाटी, नवरी. वाटलं रडेल, नाहीतर लेन्सवरून भांडेल. तिनं कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि पर्समधे टाकलं. चेन लावली. म्हणलं, अगं दादा वाट बघतोय, पाय हवेत आले का नाही ते तरी बघू दे.
"मंगळवारी शिरूरला डोळ्याचा दवाखाना. मी येणार संगं. आधी डोळा, मग पाखऱ्या."