मधल्या किमतीची युद्धनौका

घर नं. ६३८, सेक्टर १५, फरीदाबाद
६ जुलै १९९७

ती. स्व. दादास,
अरुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आलं तरी तू अर्ध्यातच रिसीव्हर विजयावहिनीच्या हाती देतोस, म्हणून हे पत्र. उजव्या मनगटाचं प्लास्टर निघालं. अक्षर बघून घाबरू नकोस. माझंच आहे, फक्त जरा लंगडतंय.

आमच्या लग्नात तू स्वतः बांधून यांना दिलेली ती छोटी तोफेची गनबोट आठवते ना? तिच्याच काचपेटीवरची धूळ पुसताना मी स्टुलावरून पडले. मनगट मोडलं आणि बोटही मोडली. हे असते तर आधी बोटीकडे धावले असते. यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी अशा वेळी मनात पहिलं तेच येतं.

आता मुद्द्याचं. उन्मेषने गुडगावच्या नव्या सोसायटीत आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, हे तुला माहीतच आहे. मी पडल्यापासून त्याचा एकच धोशा, की हे घर विकायचं आणि मी त्याच्याकडे राहायला जायचं. मला न विचारता त्याने घराची दुसरी किल्ली प्रॉपर्टी डीलरला देऊन टाकली. परवा मी भाजी घेऊन परत आले, तर एक अनोळखी कुटुंब माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून ओटा ठेवायचा की तोडायचा यावर चर्चा करत होतं. मी त्यांना पाणी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घरी आलेल्या माणसाला पाणी विचारलं नाही.

उन्मेषला खडसावलं तर तो म्हणाला, जिच्या हातून दुधाचं पातेलं सुटतं तिने एकटीने राहायचं नसतं. वर त्या मोडक्या बोटीकडे बोट दाखवून म्हणाला, की असला एक तुकडा जरी मी जागेवर चिकटवला तरी तो पुन्हा विषय काढणार नाही. मी म्हटलं, तुकडा कशाला, दिवाळीच्या पाडव्यापर्यंत अख्खं जहाज बांधून दाखवते. जमलं तर किल्ली परत आणायची आणि घर विकायचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर मी मुकाट्याने बॅग भरीन. तो हसत हसत हो म्हणाला. सूनबाई संपदा साक्षीला होती, आणि ती मात्र हसली नाही.

तू डॉकयार्डात जन्म काढलास, घरी जहाजं बांधलीस. लहानपणी मला डिंकाची बाटलीसुद्धा धरू दिली नाहीस, मुलींच्या हातून मोडतं म्हणायचास. आता भरपाई कर. पहिल्यांदाच करणाऱ्या बाईला झेपेल असं, फार महाग नाही आणि अगदी टाकाऊही नाही, असं सुटे भाग चिकटवून बांधायचं एक किट सुचव. झोपडी नको, आगगाडी नको. युद्धनौकाच हवी, कारण हे युद्धच आहे.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर मी अडवणार नाही.
तुझी,
अरुणा


पुणे
१५ जुलै १९९७

चि. अरुणास,
अ. उ. आ.

पत्र विजयाला वाचून दाखवलं. तिने ओट्याच्या ठिकाणी मला थांबवलं आणि त्या कुटुंबाचा उद्धार केला. मग म्हणाली की डिंकाच्या बाटलीचं अरुवन्संचं बरोबर आहे. घरात सगळे तुझ्याच बाजूचे आहेत.

आता नीट वाच. विमानवाहू जहाज घेऊ नकोस. दिसायला सपाट, पण त्यावर माशीएवढी विमानं एकेक करून बांधावी लागतात. मोठी बॅटलशिप तर मुळीच नको. तीच ती तोफ चाळीस वेळा चिकटवताना माणूस पहिल्याच महिन्यात खोका माळ्यावर टाकतो. शिडाची लाकडी जहाजं सुंदर असतात, पण त्यांची दोऱ्यांची गुंतागुंत मलाही रडवते.

फ्रिगेट घे. एक चिमणी, पुढे एक तोफ, वीतभराहून जरा लांब. तळ पाण्याच्या रेषेपर्यंतच असलेली मिळाली तर उत्तम, टेबलावर सपाट बसते. अगदी स्वस्त किटात दोन अर्धे भाग एकमेकांना मिळत नाहीत, करंजीची कड उघडी राहावी तशी फट राहते, आणि नवशिक्याला वाटतं की चूक आपलीच. अगदी महागात पितळेचे केसासारखे कठडे येतात, ते तुझ्या मनगटाला सध्या नकोत. मधल्या किमतीचं घे. त्यात चूक झाली तर ती खरंच तुझी असेल, आणि जमलं तर तेही तुझंच.

गोंद टोकाने लाव, ओतू नकोस. एका बैठकीत एकच काम. मनगट पुस्तकांच्या चळतीवर टेकव.

आमचा लोभ गृहीत धर, त्यासाठी विनंती लिहायची गरज नाही.
तुझा,
पद्माकर


गुडगाव
२१ जुलै १९९७

ती. स्व. मामांस,
उन्मेषचा सा. न. वि. वि.

माझं मराठी लिहिणं तुम्हाला माहीत आहे, चुका सांभाळून घ्या. आईने जहाजाचं तुम्हाला कळवलंच असेल. मी तेव्हा गंमत म्हणून हो म्हटलं, पण ती बिल्कुल सीरियस आहे. मामा, ऑफिसात मीटिंगमध्ये फोन वाजला की आई पुन्हा पडली असंच वाटतं. त्या दिवशी ती पडली तेव्हा शेजाऱ्यांना कळेपर्यंत ती जमिनीवर एकटी होती. इथे लिफ्ट आहे, गार्ड आहे, जनरेटर आहे. मी काही वाईट सांगतोय का?

एक रिक्वेस्ट आहे. तुम्ही तिला एखादं मोठं, अवघड किट सांगा. ती आपणहून सोडून देईल आणि कोणाचं मनही दुखणार नाही. तुमचा शब्द ती मानते. हे तिला कळवू नका, प्लीज.

मामींना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा, सध्या त्याची फार गरज आहे.
आपला,
उन्मेष


पुणे
२८ जुलै १९९७

चि. उन्मेषास,
अ. उ. आ.

तुझी काळजी खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण ज्याचे भाग एकमेकांना मिळतात असंच किट मी तिला सुचवलंय आणि ते बदलणार नाही. तू तिची परीक्षा घेतोयस, तर पेपर तरी सरळ काढू दे. मी डॉकयार्डात कोणालाही बुडायला म्हणून जहाज दिलेलं नाही, ते निवृत्तीनंतर बहिणीपासून सुरू करणार नाही.

तिला मी काही कळवणार नाही. सांगायचं तर तूच सांग.

रागावलो नाही. जेवून खाऊन राहा आणि लोभ ठेव.
तुझा,
मामा


घर नं. ६३८, सेक्टर १५, फरीदाबाद
२४ ऑगस्ट १९९७

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राखी पोचली असेलच. किट आणलं. एकटीने दिल्लीची शटल गाडी पकडली, नवी दिल्लीहून ऑटो केली आणि करोल बागेत गाड्यांच्या हॉर्नच्या दुकानांमधून वाट काढत तळघरातलं ते दुकान शोधलं. दुकानदाराने मला आधी विचारलं, की नातू किती वर्षांचा आहे. मी सांगितलं की नातू नाही, मलाच हवंय. त्यावर त्याने मला माताजी म्हणत दाबून बसवायचं, रंगीत तुकड्यांचं, सहा वर्षांच्या पोराचं जहाज पुढे केलं. मी ते परत सरकवलं. मग त्याचा नूर बदलला आणि त्याने सरळ टोक गाठलं, म्हणजे खिडकीत मांडलेली हातभर लांब बॅटलशिप. तीही परत सरकवली आणि तुझे शब्द त्याला हिंदीत ऐकवले. करंजीला गुजिया म्हटल्यावर त्याला फटीचं लगेच कळलं. आतून फ्रिगेट आणून दिली आणि चहासुद्धा मागवला.

काम चालू आहे. पहिल्या दिवशी चिमणी माझ्या अंगठ्याला चिकटली. दुसऱ्या दिवशी तोफेचं तोंड मागे झालं, म्हणजे आपल्याच कप्तानावर रोखलेलं. सुटी करून पुन्हा लावली. मनगट संध्याकाळी ठणकतं, पण फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणते की ताटलीतले राजमे वेचण्यापेक्षा हे बरं. डीलर परवा पुन्हा माणसं घेऊन आला. मी दाराला आतून कडी लावली होती. खिडकीतून सांगितलं की आत जहाजाचं बांधकाम सुरू आहे, प्रवेश बंद. बिचारे खरोखर गेले.

लोभ असू दे, आणि जमल्यास एखादी बारीक कानसही पाठव.
तुझी,
अरुणा


घर नं. ६३८, सेक्टर १५, फरीदाबाद
१३ ऑक्टोबर १९९७

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला. जहाज उभं राहिलं, करडा रंग झाला, खंडेनवमीला सुरी-कात्रीशेजारी ठेवून त्याला फूलही वाहिलं. राहिले होते फक्त दोन्ही बाजूंना चिकटवायचे, कागदावर छापलेले नंबर. सूचनांमध्ये लिहिलं होतं की ते पाण्यात भिजवून उतरवायचे. आपल्याकडे भिजवायचं म्हणजे काय, साबुदाणा काय आणि मटकी काय, रात्रभर. मी वाटीत घालून वर झाकण ठेवलं. सकाळी कोरा कागद तळाशी, आणि आकड्यांचा नुसता चुरा पाण्यावर तरंगत होता.

संपदा फोनवर हसली, मग मला वाईट वाटलेलं तिला कळलं. बिननंबरची युद्धनौका उन्मेष पुरी मानणार नाही. तो ऑफिसातसुद्धा एक सही राहिली तर फाइल परत पाठवतो. दादा, मला या घरातून जायचं नाही. इथल्या जिन्याच्या कठड्याला हात लावला की मला यांचा हात आठवतो. गुडगावला लिफ्ट आहे, मान्य. लिफ्टला मी हात लावून काय आठवू?

लगेच लिही.
अरुणा


पुणे
१८ ऑक्टोबर १९९७

चि. अरुणास,
अ. उ. आ.

भिजवायचे दहा-पंधरा सेकंद. विजया म्हणते, ती असती तर तिनेही रात्रभरच ठेवले असते, तेव्हा खंत करू नकोस.

ते आकडे सुटे मिळत नाहीत. हाताने काढ. सगळ्यात बारीक ब्रश घे, पांढरा रंग जरा पातळ कर, श्वास सोडून झाला की रेघ ओढ. चुकलीस तर ओला असतानाच पूस. आणि किटातलाच नंबर हवा असं मुळीच नाही. नंबर म्हणजे जहाजाचं स्वतःचं नाव, ते मालकाने ठरवायचं.

तुझ्या हातून होईल. लहानपणी मी म्हणायचो त्याकडे लक्ष देऊ नकोस.

पत्राची वाट पाहतोय, लोभाची नाही, तो इथे भरपूर आहे.
तुझा,
पद्माकर


घर नं. ६३८, सेक्टर १५, फरीदाबाद
३ नोव्हेंबर १९९७

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाडव्याला उन्मेष-संपदा आले. चिवडा झाला, ओवाळणं झालं, मग मी जहाजावरचा रुमाल काढला. उन्मेषने ते खिडकीपाशी नेलं. चिमणी हलवून पाहिली, तोफ फिरवून पाहिली, कुठे फट दिसते का म्हणून कडेने नख फिरवलं. मग त्याला नंबर दिसला. पुसून पुसून सातव्या खेपेला जमला होता, पण सरळ होता. त्याने विचारलं, की ६३८ हा कुठल्या नौदलाचा. संपदाने त्याला हाताला धरून फाटकापाशी नेलं आणि पाटी दाखवली. त्या पाटीवरचे आकडे यांनीच रंगवलेले. सहाची शेपटी त्यांनी जरा आखूड ठेवली होती, मीही तशीच ठेवली.

तो बराच वेळ आत आला नाही. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. परतला तेव्हा डीलरकडची किल्ली त्याच्या हातात होती. ती त्याने डेकवर ठेवली. जहाज वजनाने जरा कललं, पण टेबलावर टिकून राहिलं. मग खाली मान घालून त्याने तुला लिहिलेल्या पत्राचं सांगितलं. तू मला एका शब्दाने कळवलं नाहीस, याचा मला राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही.

त्याची भीती मला कळते. म्हणून मीही एक कबूल केलं, की स्टुलावर चढणार नाही आणि रोज सकाळी स्वतः फोन करीन. जाताना त्याने हळूच सुचवून पाहिलं, की आता हात एवढा बरा झालाय तर जहाजं गुडगावलाही बांधता येतील, तिकडे उजेड छान येतो. मी म्हटलं, येईन की, रविवारी, जेवायला.

किल्ली खिळ्याला टांगली आहे. या भाऊबीजेची ओवाळणी अजून तुझ्याकडे बाकी आहे, आणि या वर्षी साडी नको. मुलगा चिवट आहे, विषय पुन्हा काढेल. जरा जास्त तोफा असलेलं पाठव.

लोभ आहेच, तोही तोफांसकट राहू दे.
तुझी,
अरुणा